साई बाबा, झाडू आणि तीन नावं

जानेवारी २०१५मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात एक प्रचारसभा झाली. तिथली घोषणा ऐकली तर मराठी कान क्षणभर चमकतील. "साई बाबा! साई बाबा!" असा एकच गजर चालला होता. शिर्डीशी त्याचा काही संबंध नाही. हौसा भाषेत 'साई' म्हणजे 'फक्त', आणि 'बाबा' म्हणजे आपल्यासारखेच बाबा, घरातले वडीलधारे. बाबाच हवेत, दुसरं कुणी नको, एवढाच त्याचा अर्थ. गर्दीत हात वर होते आणि हातांत झाडू होते, कारण पक्षाची निशाणी झाडू होती.

हे बाबा म्हणजे मुहम्मदू बुहारी, वय ७२, निवृत्त मेजर जनरल. २००३, २००७ आणि २०११ अशा तीन निवडणुका ते हरले होते आणि चौथ्यांदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते. पण देशाच्या प्रमुखपदाची खुर्ची त्यांना नवी नव्हती. ३१ डिसेंबर १९८३ ते २७ ऑगस्ट १९८५ हे वीस महिने ते त्याच खुर्चीवर बसले होते. त्या वेळी त्यांना कुणी मत दिलं नव्हतं. लोकांनी निवडून दिलेले शेहू शगारी यांना बंदुकीच्या जोरावर दूर करून लष्करानं त्यांना तिथं बसवलं होतं.

ज्यानं एकदा मतपेटी लाथाडली त्याला त्याच मतपेटीतून सत्ता द्यावी का? हा प्रश्न त्या वर्षी नायजेरियात घराघरांत, वर्तमानपत्रांत, चर्चमध्ये आणि मशिदींत विचारला गेला. उत्तरं तावातावानं दिली गेली. मला त्या उत्तरांइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे, की वाद कोणत्या मुद्द्यावर झाला आणि कोणत्या मुद्द्यावर व्हायला हवा होता.

आधी त्या वीस महिन्यांविषयी. १९८३च्या अखेरीस नायजेरिया वैतागलेला होता. तेलाचे भाव घसरले होते, तिजोरी रिकामी होती, मंत्र्यांच्या श्रीमंतीच्या कहाण्या सर्वतोमुखी होत्या आणि नुकतीच झालेली निवडणूक गैरप्रकारांनी बरबटली होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी रेडिओवर ब्रिगेडियर सानी अबाचा यांच्या आवाजात सत्तांतराची घोषणा झाली, तेव्हा अनेक शहरांत लोकांनी आनंद साजरा केला. हे विसरून पुढची गोष्ट नीट कळत नाही. आपल्याकडेही लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत एखादे काका म्हणतातच, "दोन वर्षं देश मिलिटरीच्या ताब्यात द्या, मग बघा कसा सुतासारखा सरळ होतो ते." नायजेरियाला ती दोन वर्षं खरोखर मिळाली. नेमकं सांगायचं तर दोन वर्षांना चार महिने कमी.

मार्च १९८४मध्ये 'बेशिस्तीविरुद्ध युद्ध' पुकारलं गेलं. बसथांब्यावर रांग लागली पाहिजे, म्हणून सैनिक 'कोबोको' नावाचा चाबूक घेऊन उभे राहू लागले. कार्यालयात उशिरा आलेल्या सरकारी नोकरांना, मग ते केस पिकलेले का असेनात, सगळ्यांदेखत बेडूकउड्या मारायला लावत. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला एकवीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा फतवा निघाला. रस्ते झाडले गेले, रांगा लागल्या. तीस वर्षांनंतरही अनेकांच्या मनात बुहारींची प्रतिमा होती ती हीच, शिस्तीच्या माणसाची.

शिस्तीच्या बरोबरीनं वटहुकूम आले. वटहुकूम क्रमांक दोननुसार कुणालाही आरोप न ठेवता डांबता येत होतं. वटहुकूम क्रमांक चार वृत्तपत्रांसाठी होता. सरकारी अधिकाऱ्यांविषयी चुकीचा मजकूर छापणं हा गुन्हा होताच, पण सरकारची नाचक्की होईल असं काही छापणं हाही गुन्हा ठरला, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. 'द गार्डियन' या लागोसच्या दैनिकाच्या टुंडे थॉम्पसन आणि न्डुका इराबोर या दोन पत्रकारांनी परदेशी वकिलातींमधल्या नेमणुकांची बातमी दिली होती. त्यांना एक वर्षाची कैद झाली आणि दैनिकाला ५० हजार नायरांचा दंड. जगप्रसिद्ध गायक फेला कुटी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले असताना विमानतळावर पकडले गेले. परकीय चलनाच्या आरोपावरून त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पदच्युत शगारींना घरात नजरकैदेत ठेवलं गेलं, तर त्यांचे उपाध्यक्ष अलेक्स एक्वेमे यांना किरिकिरीच्या तुरुंगात. शगारी उत्तरेतले फुलानी, एक्वेमे पूर्वेतले इग्बो. हा फरक पूर्वेतल्या लोकांच्या मनातून कधी गेला नाही.

वटहुकूम क्रमांक वीसवर मात्र मला थांबावंच लागेल. १९८४मध्ये निघालेल्या या वटहुकमानं अमली पदार्थांच्या व्यापाराला मृत्युदंड ठरवला आणि तो मागच्या तारखेपासून लागू केला. बर्नार्ड ओगेडेंग्बे, बार्थोलोम्यू ओवो आणि लवाल ओजुओलापे या तीन तरुणांना एप्रिल १९८५मध्ये गोळ्या घालून मारण्यात आलं. ओगेडेंग्बेनं गुन्हा केला त्या दिवशी त्या गुन्ह्याला मृत्यूची शिक्षा नव्हती. देशातून आणि बाहेरून दयेच्या विनवण्या झाल्या, त्या फेटाळल्या गेल्या. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमातलं पहिलंच वाक्य असा कायदा करायला मनाई करतं. कृत्य घडलं तेव्हा जी शिक्षा नव्हती ती नंतर देता येत नाही. हा न्यायाचा इतका प्राथमिक नियम आहे की तो मोडला जाऊ शकतो हेच आपल्याला सुचत नाही. ही तीन नावं वाचकानं लक्षात ठेवावीत, ती शेवटपर्यंत लागणार आहेत.

ऑगस्ट १९८५मध्ये सहकारी इब्राहिम बाबांगिडा यांनीच बुहारींना हटवलं, आणि पुढची तीनेक वर्षं त्यांनी स्वतः कैदेत काढली.

आता २०१५कडे येऊ. राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्या कारकिर्दीत बोको हराम या अतिरेकी संघटनेनं ईशान्येतला मोठा प्रदेश बळकावला होता. एप्रिल २०१४मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या आणि सरकार कित्येक दिवस हललंच नाही. तेलाच्या उत्पन्नातल्या अब्जावधी डॉलरांचा हिशेब लागत नाही असं मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर लामिडो सानुसी यांनी सांगितलं, तर त्यांनाच निलंबित केलं गेलं. अशा वेळी लोकांना आठवला तो एक माणूस. तो पेट्रोलियम खात्याचा मंत्री होता, देशाचा प्रमुख होता, आणि तरी त्यानं पैसा केला नाही अशी त्याची ख्याती होती. उत्तरेतल्या 'तलकावां'नी, म्हणजे गोरगरीब रयतेनं, त्याला नाव दिलं होतं 'माई गस्किया', सत्याचा माणूस. या लोकांना हुकूमशाहीची भूल पडली होती असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. चोरी आणि असुरक्षितता यांनी पोळलेला माणूस प्रामाणिकपणा शोधणारच.

विरोधकांच्या बाजूनं सगळ्यात भारदस्त आवाज होता नोबेलविजेते नाटककार वोले शोयिंका यांचा. २००७मध्ये त्यांनी 'बुहारींचे गुन्हे' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून जुनी सगळी प्रकरणं एकेक करून मांडली होती. त्यात ती तीन नावंही होती. पण २०१५मध्ये याच शोयिंकांनी भूमिका मवाळ केली. जोनाथन यांचा कारभार त्यांना चालण्यासारखा नव्हता, आणि बुहारी खरंच बदलले असतील ही शक्यता त्यांनी जोखीम म्हणून स्वीकारली. काहींना ही कोलांटउडी वाटली. मला ती एका सज्जन माणसाची अवघड निवड वाटते. ज्याचे गुन्हे तुम्ही स्वतः जगापुढे मांडलेत, त्याच्याशिवाय दुसरा पर्याय उरू नये, ही वेळ देशावर आणली कुणी, हा सवालही त्यात होताच.

२६ फेब्रुवारी २०१५ रोजी लंडनच्या चॅटम हाऊस या संस्थेत बुहारींनी भाषण केलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर लोकशाहीवर आपला विश्वास बसला, असं ते म्हणाले. आपल्या राजवटीत जे घडलं त्याची जबाबदारी घेतो, भूतकाळ बदलू शकत नाही, पण वर्तमान आणि भविष्य बदलू शकतो, आणि आपण लोकशाहीची दीक्षा घेतलेले माजी लष्करी शासक आहोत, असंही त्यांनी सांगितलं. भाषण चांगलं होतं आणि त्याचा परिणामही झाला. मी ते वाचलं तेव्हा मला एक गोष्ट खटकली. 'जे घडलं' यात नेमकं काय घडलं? जबाबदारी घेतली, पण कशाची? घराचा कर्ता म्हणाला की चुका झाल्या असतील तर माझ्या पदरात घाला, तर नातेवाईक गप्प बसतात आणि ज्याचं शेत गेलं तो तसाच उभा राहतो. ओगेडेंग्बेच्या घरच्यांना त्या भाषणात काही मिळालं नाही.

प्रचारात मात्र सर्वाधिक धुरळा उडाला तो शाळेच्या दाखल्यावरून. राष्ट्राध्यक्षपदासाठी किमान शालान्त पातळीपर्यंतचं शिक्षण लागतं. बुहारींनी प्रतिज्ञापत्रात म्हटलं की आपली प्रमाणपत्रं लष्कराकडे आहेत. जानेवारी २०१५मध्ये लष्करानं सांगितलं की मूळ प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. मग कात्सिनाच्या त्यांच्या शाळेनं १९६१चा निकाल काढून दिला. आठवडेच्या आठवडे या कागदावर खर्ची पडले आणि पुढच्या निवडणुकीनंतर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्यानं देशाची घटना स्थगित केली होती, त्याला लोक विचारत होते की इंग्रजीत किती गुण होते!

घटनेत त्यांना अडवणारं काही नव्हतं. १९९९ची नायजेरियाची घटना अंमलात आणली तीच मुळात लष्करी राजवटीनं, वटहुकूम काढून. सत्ता उलथवणाऱ्याला निवडणुकीस अपात्र ठरवणारं कलम तिच्यात कुठून येणार? असं कलम असणारे देश आहेत. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या १९८५च्या घटनेचं १८६वं कलम बंडाच्या म्होरक्यांना राष्ट्राध्यक्षपदाची दारं बंद करतं. १९८२-८३चे हुकूमशहा एफ्राईन रिओस मोंट यांना त्या कलमानं दोनदा रोखलंही. पण २००३मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं त्यांना उभं राहू दिलं. युक्तिवाद असा होता की बंड घटनेच्या आधीचं आहे, मागच्या तारखेनं शिक्षा कशी लावणार! जो न्याय हुकूमशहांनी इतरांना नाकारला, तो मागायला ते स्वतः पहिल्यांदा पुढे येतात. शेवटी मतदारांनी रिओस मोंटना तिसऱ्या क्रमांकावर ढकललं. मला बंदीची कलमं पूर्वी फार आकर्षक वाटायची. आता वाटतं, कलम पाळायला लावण्याइतकी न्यायालयं खंबीर असतील तर ती निवडून आलेल्या जनरललाही आवरतील, आणि नसतील तर कलमाचा कागद होतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नायजेरियातच आहे आणि त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. ओलुसेगुन ओबासांजो १९६५मध्ये भारतात आले, वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजमध्ये आणि मग पुण्यात लष्करी अभियांत्रिकी शिकले. बाबांगिडा त्याच्या आधी डेहराडूनला होते. बुहारी स्वतः १९७३मध्ये निलगिरीच्या त्याच वेलिंग्टनमध्ये होते. ज्या सैन्यानं कधी सत्ता हातात घेतली नाही, त्याच्या वर्गांत बसून गेलेले हे तिघेही पुढे लष्करी राज्यकर्ते झाले. लष्करी शिक्षणच माणसाला हुकूमशहा बनवतं, असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. मुळात सैन्याला अडवणारं बाहेर काही आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

ओबासांजो १९७६ ते ७९ लष्करी प्रमुख होते आणि त्यांनी ठरल्या वेळी नागरी सरकारकडे, म्हणजे शगारींकडेच, सत्ता सोपवली. १९९९मध्ये ते निवडून आले. दोन मुदती संपत आल्या तेव्हा तिसरीसाठी घटनादुरुस्तीचा घाट घातला गेला आणि मे २००६मध्ये सिनेटनं तो उधळून लावला. इथं माणूस बदलला होता की नव्हता, याला महत्त्व उरलं नाही. सिनेट जागी होती.

बुहारींकडे न्यायालयाचा अनुभव वेगळ्या बाजूनं होता. २००३ची निवडणूक हरल्यावर ते न्यायालयात गेले आणि निकालासाठी दोन वर्षांहून अधिक थांबले. २००७नंतर पुन्हा गेले. डिसेंबर २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या मतांनी हरले आणि त्यांनी निकाल मानला. त्यांच्या बाजूनं बोलायचं तर माझ्या मते हाच सगळ्यात वजनदार पुरावा होता. उलट बाजूला होतं २०११. त्यांच्या पराभवानंतर उत्तरेत उसळलेल्या दंगलींत आठशेहून अधिक माणसं मेली. त्यांनी हिंसा करायला सांगितलं नव्हतं, पण ती थांबवायला ते ज्या तातडीनं पुढे यायला हवे होते तसे आले नाहीत, असं अनेकांचं मत राहिलं.

२८ मार्च २०१५ला मतदान झालं. बुहारींना १ कोटी ५४ लाखांवर मतं पडली, जोनाथन यांना १ कोटी २८ लाख. निकाल पूर्ण जाहीर होण्याआधीच जोनाथन यांनी फोन करून अभिनंदन केलं. सत्तेवरचा राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत हरण्याची ही नायजेरियाच्या इतिहासातली पहिलीच वेळ होती. माजी लष्करी शासकाच्या विजयानं लोकशाही पक्की झाली, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. सरकार मतानं पाडता येतं हे लोकांना त्या दिवशी कळलं.

मग पुढची आठ वर्षं. बोको हरामकडून बराच प्रदेश परत घेतला गेला. १९९३ची निवडणूक जिंकूनही ज्यांना लष्करानं सत्ता दिली नाही त्या मोशूद अबिओलांना बुहारींनी देशाचा सर्वोच्च सन्मान दिला आणि १२ जून हा लोकशाही दिन ठरवला. या गोष्टी मी त्यांच्या खात्यावर मनापासून जमा करते. पण दुसरी पानंही आहेत. माजी सुरक्षा सल्लागार साम्बो दासुकींना एकामागून एक न्यायालयांनी जामीन दिला. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयानंही सुटकेचा आदेश दिला. तरी ते डिसेंबर २०१५ ते डिसेंबर २०१९ आतच राहिले. शिया नेते इब्राहिम झकझाकींना सोडा असं न्यायालयानं डिसेंबर २०१६मध्ये सांगितलं. ते सुटले जुलै २०२१मध्ये, निर्दोष ठरून. ऑगस्ट २०१८मध्ये वकिलांच्या परिषदेत बुहारी म्हणाले की कायद्याचं राज्य राष्ट्रीय सुरक्षेच्या हितापुढे दुय्यम मानलं पाहिजे. जानेवारी २०१९मध्ये निवडणूक तोंडावर असताना त्यांनी सरन्यायाधीशांना निलंबित केलं. २०२१मध्ये ट्विटरनं त्यांचं एक विधान काढून टाकलं, तर सात महिने देशभर ट्विटर बंद.

यात पैशाचा संबंध कुठेच नाही. त्यांच्या साधेपणाची साक्ष विरोधकही देत राहिले. २०१५चा सगळा वाद 'हा माणूस प्रामाणिक आहे का' याभोवती फिरला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर बहुधा बरोबरच आलं. विचारायला हवं होतं ते वेगळं. तुमच्या मनाविरुद्धचा न्यायालयाचा आदेश तुम्ही दुसऱ्या दिवशी पाळाल का? वटहुकूम क्रमांक वीस आज तुम्हाला चूक वाटतो का, आणि का? या प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येतं, आणि दिलेलं उत्तर नंतर पडताळून पाहता येतं. माणूस आतून बदलला की नाही हे त्याच्या बायकोलाही सांगता येणार नाही, मग एवढ्या कोटी मतदारांनी ते कसं ओळखायचं?

कारकीर्द संपता संपता एक जुना प्रसंग नव्यानं घडला. एप्रिल १९८४मध्ये त्यांच्या लष्करी सरकारनं नायराच्या नोटांचे रंग बदलले, सीमा बंद केल्या आणि जुन्या नोटा बदलायला थोडेच दिवस दिले. २०२२च्या अखेरीस पुन्हा तेच झालं. २००, ५०० आणि १,००० नायरांच्या नव्या नोटा आल्या, पण पुरेशा आल्याच नाहीत. आपल्याला २०१६चा नोव्हेंबर आठवेल. बँकांपुढे रांगा, बाजार ओस, रोखीवर जगणाऱ्यांचे हाल. काही राज्य सरकारं सर्वोच्च न्यायालयात गेली. ८ फेब्रुवारी २०२३ला न्यायालयानं जुन्या नोटा तूर्त चालू ठेवायला सांगितलं. १६ फेब्रुवारीला बुहारींनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि फक्त २०० नायरांची जुनी नोट चालेल असं जाहीर केलं. ३ मार्चला अंतिम निकाल आला. तिन्ही जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालतील, असं न्यायालयानं ठरवलं आणि आधीचा आदेश न पाळल्याबद्दल राष्ट्राध्यक्षांना कडक शब्दांत सुनावलं. त्यानंतर दहा दिवस सरकारकडून शब्द नाही. दुकानदार जुनी नोट घेईनात. १३ मार्चला मध्यवर्ती बँकेनं निकाल मान्य असल्याचं सांगितलं आणि बाजारात पुन्हा पाचशेची जुनी नोट फिरू लागली.

पुढच्या महिन्यात ईदला भेटायला आलेल्या लोकांसमोर त्यांनी ज्यांना ज्यांना दुखावलं असेल त्यांची क्षमा मागितली. २९ मे २०२३ला मुदत संपली त्या दिवशी सत्ता सोपवून ते दौरा या आपल्या गावी परतले. १३ जुलै २०२५ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं आणि दोन दिवसांनी त्याच गावी दफन झालं. ईदच्या त्या क्षमायाचनेत ओगेडेंग्बे, ओवो आणि ओजुओलापे ही नावं नव्हती.